दरबार बांधावर आला

राजा खड्गसेनाला त्या पौषात एकाच गोष्टीचा ध्यास लागला होता. त्याला गरम हुरडा हवा होता, आणि तोही दरबारात बसून.

शेतं तीन कोस लांब. आगटीतून काढलेला हुरडा वाड्यात पोचेपर्यंत गार होई, आणि गार हुरडा चघळताना राजाची दाढ दुखे. वाड्यातच आगटी पेटवावी, तर धुरानं राणीसाहेबांना खोकला. घोडेस्वार दौडवून झाले, हुरडा दुलईत गुंडाळून आणून झाला. शेवटी राजा हट्टाला पेटला आणि त्यानं दवंडी पिटवली, "दरबारात माझ्या तळहातावर गरम हुरडा पडेपर्यंत रयतेत कुणी एक कणीस मोडायचं नाही."

इकडे निंबगावात सगळ्यांनी मिळून रानात हुरडा खायचा तो हाच आठवडा. लेकी माहेरी आल्या होत्या, चिंचेला झोके बांधले होते, चटणी कुटून ठेवली होती. पण राजानं थांबवलं म्हणून ज्वारी थोडीच थांबते? आज दुधात असलेला दाणा चार दिवसांत टणक होतो.

निवृत्ती शेतकऱ्याची लेक हौसा रोज सकाळी ज्वारीच्या उभ्या ताटावरच्या कणसातला दाणा नखानं दाबून बघे. तिसऱ्या दिवशी नख रुतायला जड गेलं, तशी ती वैतागली.

"आबा, दुपारी आगटी पेटवून ठेवा. मी राजाला भेटून येते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? घोडेस्वारांना जमलं नाही, तू किती पळशील?"

"पळतंय कोण? मी नुसती बोलणार आहे."

दरबारात जाऊन तिनं मुजरा केला. "महाराज, दिवस मावळायच्या आत दरबारात गरम हुरडा तुमच्या हातावर ठेवते. फक्त दरबार म्हणजे नेमकं काय, ते आम्हा खेड्यातल्यांना कळत नाही. ह्या भिंती का?"

राजाची स्तुती करण्यातच ज्यांचा दिवस जाई, ते दिवाण मुकुंदपंत भडकले. "भिंती गवंडी बांधतो, पोरी. महाराज जिथं बसतील तिथं दरबार. परवा शिकारीत महाराज एका दगडावर टेकले, तर तो दगडसुद्धा दरबार झाला."

राजानं खुशीत मिशी कुरवाळली. "अगदी बरोबर."

"नक्की ना? मागनं शब्द फिरवाल."

"राजाचा शब्द आहे."

"मग झालं तर. आमच्या बांधावर घोंगडी अंथरलीय, आगटी पेटलीय. तुम्ही बसलात की कणसं निखाऱ्यात घालते. हुरड्याचं सगळं तयार आहे, महाराज. दरबारच तेवढा यायचा राहिलाय."

दिवाणांनी मान खाली घातली. राजाला राग तर आला, पण रागवायचं तर आपला दरबार म्हणजे नुसत्या भिंती असं कबूल करावं लागणार होतं. त्यानं मिशीवरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "घोडा आणा."

तिसऱ्या प्रहरी राजा बांधावर मांडी घालून बसला. हौसानं भाजलेलं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली. भुसा उडून थेट राजाच्या मिशीत बसला, पण कोवळा, वाफाळता हुरडा त्याच्या तळहातावर पडला होता. राजानं बोकणा भरला. डोळे मिटले. दुसरा भरला. सगळं गाव भोवती उभं होतं.

"आता आम्ही मोडू का कणसं?" हौसानं विचारलं.

"मोडा की. बघत काय बसलात?" राजा भरल्या तोंडानं म्हणाला.

पोरं झोक्यांकडे पळाली, बायकांनी गुळाच्या ढेपा फोडल्या. तेवढ्यात वारा फिरला.

"महाराज," हौसा म्हणाली, "दरबार जरा उजवीकडं सरकवा. धुरात बसलाय."

राजा इतका हसला, की हातातला हुरडा सांडला. हसतहसतच तो उजवीकडे सरकला आणि त्यानं तिथल्या तिथं हौसाला पांढऱ्याशुभ्र खोंडांची जोडी देऊन टाकली. दिवाण मुकुंदपंतांनाही काम मिळालं. दिवस मावळेपर्यंत ते गावासाठी कणसं चोळत होते.