अजून एकच ओळ

सुया आणि दोरे एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. क्रोशाच्या सुईवर भांडी पुसायचं एक सुती फडकं होत आलं होतं. शेवटची गाठ बसली की ओट्यावर काळ्या कढईशी गाठ, हे त्याला ठाऊक होतं.

"सुईताई, अजून एकच ओळ घाला ना," ते म्हणालं.

"कालही एकच म्हणालं होतंस," सुई म्हणाली. पण तिलाही विणायची हौस, तिने घातली.

असं करत दोऱ्याचा गुंडाच संपला. गाठ बसली तेव्हा फडकं दोन पाटांएवढं झालं होतं.

सासूबाईंनी ते उलटसुलट पाहिलं. "भांड्यांना फार मोठं झालं गं," त्या सुनेला म्हणाल्या, "पण वीण छान आहे हो." मग न्हाणीघराच्या दाराशी त्यांनी ते नीट अंथरलं.

आंघोळ करून पहिले आले ते मामंजी, ओल्या पायांनी.