टोचूचं घोसाळं

फार जुन्या काळी शेताच्या बांधाखाली काटेरी साळूबाई आपल्या पिल्लाला, टोचूला, घेऊन राहायची. ती कंद उकरायला निघाली, की टोचू भोकाड पसरायचा. त्यामुळे बिचारी उपाशीच राहायची.

शेजारच्या ससामावशीने सावरीचा मऊ कापूस आणला. "माझी पोरं यावर डाराडूर झोपतात हो!"

टोचू त्यावर लोळला आणि काट्याकाट्यात कापूस अडकून मेंढरू होऊन उठला. रडणं दुप्पट!

तेवढ्यात वेलावरचं वाळकं घोसाळं बिळाशी पडलं. आतल्या बिया खुळखुळल्या, चालताना आईचे काटे वाजतात ना, अगदी तशा. टोचूने ते कवटाळलं आणि डोळे मिटले.

"अगंबाई! असलं खरखरीत कुणी कुशीत घेतं का?" मावशी कुजबुजली.

"मला घेतो की रोज," म्हणत साळूबाई कंद शोधायला निघाली.