बिनदोऱ्याची गुंडाळी

एका राज्यात राजघराण्यातली माणसं जेवायला बसली, की आधी दोरा पाहत आणि मग घास उचलत.

तिथे कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या एकाच पातेल्यात शिजत. सारण मात्र ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून प्रत्येक गुंडाळीला दोरा बांधलेला असे. लाल दोऱ्याची राजाची, तिच्यात मीठ नसे. पिवळ्या दोऱ्याची राणीची, तिच्यात तांदूळ नसे. हिरव्या दोऱ्याची राजपुत्र सुधन्वाची, तिच्यात लसूण नसे. काळ्या दोऱ्याची राजकन्या कुमुदेची, तिच्यात शेंगदाण्याचा कणही नसे. वर्ज्य घास पोटात गेला, की माणसाचा पक्षी होई. राजाचे काका असेच उडून गेले होते. ते अजून देवडीवरच्या पिंपळावर बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवत.

हा शाप एका मांत्रिकाचा. फार पूर्वी तो बायकोसह राजाच्या पंगतीला बसला होता. त्याची बायको म्हणाली, "महाराज, मला शेंगदाणे चालत नाहीत." राजा तेव्हा तरुण होता, दिलदार होता, पाहुण्याचं 'नको' त्याला लटकं वाटे. "एवढ्याशानं काय होतंय, वहिनी? एक घास माझ्या हातचा!" असं म्हणून त्यानं तो भरवला. ती बाई त्या पाटावरून उठली नाही.

मांत्रिक म्हणाला, "राजा, 'चालत नाही' म्हणजे काय, ते तुझं घर आता शिकेल. प्रत्येकाला एक घास वर्ज्य होईल. घरातून कुणी दूर निघालं, तर मागे राहिलेल्यांपैकी एकाला आणखी एक. तू किंवा तुझ्या रक्ताचा कुणी कोबीच्या एकाच गड्ड्यात माझी वाट राखणाऱ्या दोघांना आणि मला तृप्त करील, तेव्हाच हे सुटेल." एवढं बोलून तो डोंगरापलीकडे गेला. राजा त्याच्यामागे कधी गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता त्याचे केस पिकले.

कुमुदेला तो काळा दोरा आवडत नसे. पंगतीत तिच्या शेजारचा आपलं ताट हळूच दूर सरकवी. तिचा थोरला भाऊ सुधन्वा परदेशी विद्या शिकायला निघाला, तेव्हा तिनं त्याला वाटेसाठी तिळाचे लाडू बांधून दिले. तो म्हणाला, "कुमुदे, मी परत येईन तेव्हा या घरात कुणाच्याही गुंडाळीला दोरा नसेल."

तो परतला तो नव्या विचारांनी पेटून. माणसाला दोऱ्यावरून ओळखायचं, हा कसला न्याय? त्यानं स्वयंपाकघरातून सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकच सारण केलं. त्यात मीठ नव्हतं, तांदूळ नव्हता, लसूण नव्हता, शेंगदाणा नव्हता. वरी होती, आलं होतं, कोकम होतं आणि खमंग भाजलेला तीळ होता. गुंडाळ्या ताटांत पडल्या, सगळ्या सारख्या, दोरा एकीलाही नाही. कुमुदेनं ताट डोळ्यांपर्यंत उचलून पाहिलं.

पहिला घास तोंडाशी नेताच ती थबकली. "दादा, यात तीळ..."

"तीळच! तुझ्या लाडवांची आठवण म्हणून. विचार करू नकोस, खा. तुला माझी शपथ."

कुमुदेनं भावाचं हसरं तोंड पाहिलं आणि घास गिळला. राणी "अगं थांब" म्हणेपर्यंत पाटावर एक साळुंकी बसली होती.

"तू गेलास त्याच दिवशी तिला तीळ वर्ज्य झाला," राणी म्हणाली.

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तू कुणाला विचारलं नाहीस."

राजा मान खाली घालून उठला. बागेतून कोबीचा एक गड्डा त्यानं स्वतः कापून आणला आणि मुलाच्या हातात दिला. "मी जायचं ते तू जातोयस. मांत्रिकानं जाताना आणखी एक सांगितलं होतं, ते ध्यानात ठेव. पक्षी झालेल्याचे शब्द आता या गड्ड्यात आहेत. एक पान सुटलं, की तिचं एक पीस गळेल आणि त्याबरोबर तिचा एक शब्द जाईल. शाप सुटला तरी गेलेला शब्द परत येणार नाही. पान जपून काढ."

सुधन्वा निघाला. पाठीवर पातेलं, काखेत गड्डा, खांद्यावर साळुंकी.

डोंगराच्या खिंडीत एक राक्षसीण वाट अडवून बसली होती. तिच्या एका मांडीवर शेळ्या चरत होत्या. सुधन्वानं चूल मांडली.

"दादा, एवढा शिकलास आणि फुंकणी उलटी धरलीस!" साळुंकी म्हणाली.

त्यानं पाणी उकळलं, गड्डा त्यात धरला आणि सैल झालेलं पहिलं पान सोडवलं. साळुंकीचं एक पीस गळलं. पानाची मधली जाड शीर तासून त्यानं भाताचं सारण भरलं, गुंडाळी वाफवली आणि वाढली. राक्षसिणीनं ती हुंगून दरीत फेकली. दुसरं पान सुटलं, त्यात नाचणी भरली. तीही दरीत गेली. सुधन्वा तिला समजावू लागला, की परदेशातले वैद्य नाचणीला किती मानतात. बोलता बोलता त्याच्या हातांनी तिसरं पान सोडवलं होतं.

"दादा, विचार की तिला!" साळुंकी ओरडली. मग म्हणाली, "आपल्या घराजवळचं ते पाण्याचं... ते पायऱ्यांचं... काय रे म्हणतात त्याला?"

"विहीर," सुधन्वा म्हणाला आणि त्याचे हात थांबले.

तो राक्षसिणीसमोर बसला. "आजी, तुम्हाला काय चालतं?"

"आता विचारलंस! धान्य चालत नाही मला, पोटात निखारे पडतात. सुरण चालतो. आणि मिरची घाल चांगली. मला पथ्य आहे, मेल्या, मी आजारी नाही!"

तिनं सुरणाच्या गुंडाळ्या खाल्ल्या आणि मांडी उचलून वाट दिली. शेळ्या घसरत खाली गेल्या.

पुढे नदी लागली. तिथला नावाडी कमरेपर्यंत मिठाचा झाला होता. म्हणून तो नावेतून कधी उतरत नसे.

"मामा, तुम्हाला काय चालत नाही?"

"मीठ, बाबा. आणखी एक चिमूट खाल्लं, तर सगळाच मिठाचा होईन आणि नदीत विरघळेन. पण अळणी खाऊन खाऊन जीव विटलाय."

सुधन्वानं पडवळ किसलं, त्यात लिंबू पिळलं, आलं, मिरी आणि ओली कोथिंबीर घातली. नावाड्यानं पहिल्या घासाला डोळे मिटले. "असं जेवलो नाही रे कधी," तो म्हणाला. "पोट भरलं. तृप्त झालो."

सुधन्वाला आनंद आवरेना. "असं कसं, मामा? एक तरी घ्या आणखी! माझ्या हातची!" त्यानं पान सोडवलं, भरलं, नावाड्याच्या हातात ठेवलं.

"नको म्हणतोय ना," नावाडी म्हणाला. ती गुंडाळी तशीच नावेच्या कडेवर निवत राहिली.

खांद्यावरून पीस गळलं. सुधन्वानं घाबरून विचारलं, "कुमुदे, आपण कुठे परत जायचंय? सांग."

साळुंकीनं चोच उघडली आणि मिटली. 'घर' हा शब्द तिच्यापाशी नव्हता.

आपण कुणाचा मुलगा आहोत, हे सुधन्वाला त्या नावेत कळलं. पलीकडचा काठ येईपर्यंत त्यानं गड्ड्याला हात लावला नाही.

मांत्रिकाच्या अंगणात तो पोचला, तेव्हा गड्ड्याचा देठ राहिला होता आणि देठाला एकच पान. तळहाताएवढं, पिवळट, मुडपलेलं. सारण भरावं एवढंही नव्हतं ते. साळुंकीकडे एकच शब्द होता आणि तो ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "दादा. दादा."

मांत्रिक ओसरीवर बसला होता, वाळलेल्या फांदीसारखा.

"बुवा, तुम्हाला काय चालतं?"

"काही नाही."

सुधन्वा पायरीवर बसला. त्यानं चूल मांडली नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं.

"आग्रह करत नाहीस?" मांत्रिकानं विचारलं.

"नाही."

"एवढा लांब आलास. तुझी बहीण अशी झाली. तरी?"

"तुम्ही नाही म्हणालात."

मांत्रिक उठून त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "तिला कोबीचं नुसतं पान आवडायचं. उकडलेलं. मी म्हणे, चिमूटभर मीठ तरी घाल. ती म्हणे, तुम्ही तुमचं बघा." त्यानं सुधन्वाच्या काखेकडे पाहिलं. "तुझ्या गड्ड्याला पान आहे का?"

"एक आहे," सुधन्वा म्हणाला.

त्यानं साळुंकीला खांद्यावरून उतरवून ओंजळीत घेतलं. नाही म्हणावं, तर ती जन्मभर पक्षी राहील आणि जन्मभर त्याला दादा म्हणेल. त्यानं चूल पेटवली. पाणी उकळलं.

"दादा," साळुंकी म्हणाली.

"हो गं," तो म्हणाला. "ऐकतोय मी."

आणि त्यानं पान सोडवलं.

मांत्रिकानं ते पान दुमडून, सावकाश चावून खाल्लं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि शाप सुटला. नावाड्याचे पाय नदीकाठच्या चिखलात रुतले. पिंपळावरचे काका धप्पकन खाली पडले आणि पडल्या पडल्या पिंपळाला नावं ठेवू लागले. ओसरीवर कुमुदा उभी होती. अंगावर साधं लुगडं, केसांत एक पीस.

राजघराण्यात आता सगळ्यांना सगळं चालू लागलं. राजानं स्वतः मांत्रिकाकडे जाऊन पायांवर डोकं ठेवलं. कुमुदा पुष्कळ शब्द नव्यानं शिकली. विहीर शिकली, घर शिकली. तो एक शब्दही तिला शिकवला गेला. ती तो नीट म्हणे, पण पाठ केलेला धडा म्हणावा तसा. मग सुधन्वानंच सांगितलं, की राहू दे.

बोलू लागल्यावरच्या पहिल्या पंगतीत वाढायला ती स्वतः उठली. पातेल्यात गुंडाळ्या वाफाळत होत्या. दोऱ्यांची परडी तिनं हाताशी घेतली होती. दोरा तिनं पुन्हा का आणला, हे कुणी विचारलं नाही. प्रत्येकापाशी वाकून ती आधी विचारत होती आणि मगच वाढत होती.

सुधन्वापाशी ती थांबली. तिनं आदबीनं विचारलं, "पाहुणे, तुम्हाला काही वर्ज्य आहे?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"तीळ," तो म्हणाला.

कुमुदेनं परडीतून काळा दोरा काढला, त्याच्या गुंडाळीला नीट गाठ मारली आणि ती त्याच्या ताटात ठेवली. शेजारी जागा होती. तिथे पाट ओढून ती बसली आणि आपलं ताट तिनं त्याच्या ताटाला लावून ठेवलं.