नऊ हातोडे, चार ठोके

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की त्या राजाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि आपण लहानांना सांगतोय असं दाखवून मोठ्यांनीही ऐकून घ्यावी.

त्या राजाच्या राजधानीत तांबटांची एक आळी होती. दिवस उगवला की तिथे ठोक्यांचा कल्लोळ सुरू होई, तो दिवेलागणीपर्यंत. नवख्या माणसाचं डोकं उठे; आळीतल्या लोकांना मात्र त्या आवाजाशिवाय घास गोड लागत नसे.

तिथल्या एका कारखान्यात नऊ कारागीर होते. त्यांतल्या एकाला सगळे ‘डावखुरा’ म्हणत, कारण तो डाव्या हाताने हातोडा चालवी. घागर ठोकावी तर त्यानंच. प्रत्येक ठोक्याला तो कान देई. पत्रा कुठे जाड राहिला, कुठे पातळ झाला, हे त्याला आवाजावरून कळे. त्या कामावर त्याचं घर चाले. घरी बायको होती आणि तीन लहान मुली होत्या.

राजा काही वाईट नव्हता. त्याला नदीवर बांध घालायचा होता आणि तिजोरीत खडखडाट होता. प्रधानाने तोड काढली.

“महाराज, गरिबाला हात लावायचा नाही. कारखान्यात चार हातोडे असतील तर पट्टी माफ. पाचवा वाजला, की सगळ्या हातोड्यांवर पट्टी.”

राजाला हे न्यायाचं वाटलं. ऐकायला ते होतंही न्यायाचं.

हातोडे मोजायला एक अधिकारी नेमला गेला. कारखान्यात शिरून माणसं मोजावीत, तर ती मागच्या दाराने पसार होत. म्हणून तो बाहेरूनच ठोके मोजे. त्याचा कान इतका तिखट होता, की लोक त्याला ‘कानदार’ म्हणू लागले. त्याच्या पायांत मऊ जोडे असत. तो दाराशी कधी येऊन उभा राहिला, हे कुणालाच कळत नसे.

पट्टी भरली तर मालकाच्या हाती काही उरत नव्हतं. पाच माणसं काढली तर कबूल केलेली भांडी वेळेवर होत नव्हती. शेवटी मालकाने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, “दोघांनी मिळून एकच ठोका द्यायचा. एका ठिकाणी तिघांनी. हातोडे नऊ, आवाज चार. ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच सांगावं. बाहेर बसून राहिलेले पुष्कळ आहेत.”

ते खरंच होतं. बाकीच्या कारखान्यांनी पाचव्यापासून पुढची माणसं केव्हाच घरी बसवली होती. डावखुऱ्याने मान डोलावली.

त्या दिवसापासून त्याचं लक्ष घागरीवरून उडालं. ते शेजाऱ्याच्या मनगटावर खिळलं. शेजाऱ्याचा हात पडला, की त्याच क्षणी आपलाही पडला पाहिजे. जरा मागे राहिला की झाला पाचवा ठोका! त्याच्या तळहाताला घाम फुटे, आणि घामाने हातोडा निसटेल म्हणून आणखी भीती वाटे.

मालकाने मजुरी निम्मी केली, तरी कुणी ब्र काढला नाही. पाचव्या हातोड्याने दाद मागायची कुणाकडे? आणि नऊ जणांत पाचवा कोण, हे ठरलेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाला तो आपणच वाटे.

त्यात भर म्हणजे, सगळ्यांच्या ठोक्यांत ज्याला त्याला स्वतःचा ठोका ऐकू येईना. पत्रा पातळ व्हायचा आणि कळायचं नाही. घागरी गळू लागल्या.

“मालक,” एक व्यापारी घागर परत आणून म्हणाला, “डोंगरापलीकडच्या घागरींत पाणी राहतं हो. मी आता तिकडचाच माल घेईन.”

एका दुपारी डावखुऱ्याची नजर सहज उंबऱ्याकडे गेली. दाराखालच्या फटीतून मऊ जोड्यांची दोन टोकं दिसत होती. तो तिकडेच पाहत राहिला. शेजाऱ्याचा ठोका पडला, आणि त्याचा मागून पडला. एकटाच, खणखणीत.

दार ढकललं गेलं. पापणी लवायच्या आत चौघं सोडून बाकीच्यांनी हातोडे पोत्यांखाली सरकवले. डावखुऱ्याचा हात मात्र वरच्या वर गोठला होता.

“हा पाचवा कोण?” कानदाराने विचारलं.

“आमचा नाही, साहेब,” मालक घाईघाईने म्हणाला. “आत्ताच रस्त्यावरून आला आणि हातोडा घेऊन बसला.”

डावखुरा पंधरा वर्षं त्या जागी बसत आला होता. त्याने सोबत्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. त्यांचा त्याला रागही येईना. त्यांच्याही घरी चुली होत्या.

“खरं आहे,” तो म्हणाला. “मी इथला नाही.”

तो बाहेर पडला, पण भीती आतच राहिली. आता कुणाचा हात चुकणार, याच धास्तीने राहिलेले आठ जण बसत. एकेक करून ते डोंगरापलीकडे निघून गेले, तिथे हातोडे कुणी मोजत नसे. इतर कारखान्यांतलेही गेले. वर्षभरात आळी मुकी झाली. कानदार दारोदार थांबे आणि त्याला मोजायला काही सापडत नसे. पट्टी येईना, बांध अर्धाच राहिला. एका सकाळी राजा सज्जात उभा राहिला. आळीकडून काहीच ऐकू येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याच्याही अंगावर काटा आला.

त्याच दिवशी दवंडी पिटली गेली: हातोड्यांवरची पट्टी उठली!

डावखुरा तेव्हा बाजारात ओझी वाहत होता. दवंडी ऐकताच तो धावत आळीत आला. मालकाने त्याचे दोन्ही हात धरले. “चुकलो रे मी. ये, बस आपल्या जागी. आता हवे तेवढे ठोके दे.”

डावखुरा बसला. पुढ्यात कोरा पत्रा होता. त्याने हातोडा उचलला, आणि हात तसाच वर राहिला. शेजारची जागा रिकामी होती. तिथून ठोका पडेल म्हणून तो वाट पाहत होता.

“अरे, ठोक ना! दाराबाहेर कुणी नाही.”

“माहीत आहे, मालक,” डावखुरा म्हणाला. त्याने पुन्हा एकदा उंबऱ्याकडे पाहिलं. हात मात्र खाली येत नव्हता.

तात्पर्य: पट्टी एका दवंडीने उठते, पण तिने कष्टाच्या हातात भरवलेली भीती राजाच्याही हुकुमाने निघत नाही.