तेजलची ब्रेकडाउन गाडी

“सर, आणखी किती दिवस मी रूळच पुसायचे?”

झिराडकर सरांनी मान वर केली नाही. टेबलावर वाकून ते रुळांच्या सांध्यात अडकलेला एक धागा चिमट्यानं काढत होते.

“पुसून झाले?”

“झाले.”

“बोगद्यातले?”

तेजल दुसानेनं बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं. बोगद्यातले राहिले होते.

जंक्शनच्या त्या गावात सरांना कोण ओळखत नव्हतं? त्यांची अख्खी नोकरी ब्रेकडाउनच्या गाडीवर गेली. कुठं डबे घसरले की यार्डातला भोंगा वाजायचा आणि सर भरल्या ताटावरून उठून क्रेनच्या गाडीत चढायचे. निवृत्तीनंतर त्यांनी घराची पुढची खोली रिकामी केली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल मांडून त्यावर छोट्या गाड्यांची रेल्वे उभी केली. पूल, घाट, बोगदा, स्टेशन. सुट्टीच्या दिवशी हौशी माणसं आपापली इंजिनं पेटीत घालून तिथं यायची. कोणी मेल चालवी, कोणी मालगाडी.

तेजलच्या हाती मात्र सरांनी दिला होता रूळ पुसायचा डबा. पोटाला स्पिरिटचं फडकं बांधलेला, मुंगीच्या चालीनं सरकणारा. पावसाळा गेला, थंडी आली. डबा तोच.

आणि तिच्या पिशवीत तिची स्वतःची गाडी होती. पितळी पत्र्याची ब्रेकडाउन. अवजारांचा डबा, डॉक्टरांचा डबा, मध्ये क्रेन. तेजल सोनाराची लेक. इंजिनिअरिंगची पदवी नंतरची, त्याआधी बापाच्या शेजारी बसून ती दागिन्यांचे सांधे जोडायला, डाग द्यायला शिकली होती. क्रेनचा हूक तांदळाच्या दाण्याएवढा, पण आडवा पडलेला डबा अलगद उचलायचा. ही गाडी सरांच्या टेबलावर धावली पाहिजे, सरांनी पाहिली पाहिजे, ‘पास’ म्हटलं पाहिजे. तिला दुसरं काही नको होतं.

तिनं पिशवीत हात घातला.

“अगं बाई, ती बाहेर नको काढूस,” डॉ. फालक ओरडले. ते दातांचे डॉक्टर, आपली एक्स्प्रेस चालवत होते. “ती दिसली की माझ्या गाडीला घाम फुटतो. पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच त्याला कवळी दाखवल्यासारखं वाटतं.”

दोघंतिघं हसले. तेजल हसली नाही. तिनं गाडी काढून सरांसमोर ठेवली.

“आज नाही म्हणालात तर मी परत येणार नाही, सर.”

सरांनी चिमटा खाली ठेवला.

“एवढी घाई कशाची?”

“घाई?” तिचा आवाज चढला. “अपघात होतात, सर. होणारच. तेव्हा मदत वेळेवर पोचायला हवी की नको? आणि आपण इथं फडकी फिरवत बसलोय!”

“कोणाला पोचायचंय?”

खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ हर्षल पॅसेंजरनं घरी येत होता. वळणावर डबा आडवा झाला. तेजल आणि तिचे वडील मोटारसायकलवरून शेताशेतातून तिथं पोचले, तेव्हा तो डब्याखाली होता आणि बोलत होता. ‘ताई, अजून किती वेळ लागेल गं?’ म्हणत होता. तिनं प्रत्येक वेळी सांगितलं, ‘आली, आली, गाडी आली.’ ब्रेकडाउनची गाडी कुठल्याशा स्टेशनाबाहेर अडकून पडली होती. ती आली तेव्हा हर्षल बोलायचा थांबला होता.

“घरी टेबल आहे तुझं?” सरांनी विचारलं.

“आहे.”

“तिथं चालवतेस ही?”

“रोज.”

“आणि अपघात?”

“वळणावर रूळ जोडणारी पिन असते ना, ती नखानं जरा वर उचलून ठेवते. पॅसेंजर आली की शेवटचा डबा आडवा होतो. मग मी गाडी काढते.”

“पोचतेस?”

“पोचते. आदल्या दिवसापेक्षा लवकर पोचते.”

“मग… वाचतो तो?”

तेजलनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“वाचतो.”

डॉ. फालकांनी आपली एक्स्प्रेस स्टेशनात आणून उभी केली.

“लाव,” सर म्हणाले.

तिचा विश्वासच बसेना. तिनं एकेक डबा रुळावर बसवला, क्रेनचा दांडा आडवा करून बांधला, इंजिन जोडलं. गाडी साइडिंगला, बाजूच्या रुळावर उभी राहिली. पितळ कसं झळकत होतं! मग ती सवयीनं टेबलाच्या पलीकडे गेली, वळणावर वाकली आणि तिनं पिन नखानं वर उचलली.

सर तिच्या मागोमाग आले. अंगठा ठेवून त्यांनी पिन खाली दाबली.

“सर?”

“तू तुझ्या गाडीवर लक्ष ठेव. पॅसेंजर मी चालवतो.”

“पण पिन… मग माझी गाडी जाणार कुठं?”

निळ्या डब्यांची एक जुनी पॅसेंजर सरांनी बोगद्याच्या पलीकडे उभी करून ठेवली होती. त्यांनी टेबलाच्या कडेवरचा तिचा वेगाचा नॉब फिरवला.

तेजल वळणापाशीच उभी राहिली. एक हात तिच्या गाडीच्या नॉबवर.

पॅसेंजर बोगद्यातून बाहेर आली. सर तिला हळूच आणत होते. खऱ्या गाडीसारखी ती थोडी डुलत होती. पुलावर आली. पूल संपला. वळण आलं.

इंजिन वळलं.

पहिला डबा वळला. दुसरा वळला. चाकं रुळाला घासून बारीक किणकिणत होती. पुढं सरळ रूळ होता आणि त्याच्या टोकाला स्टेशन. फलाटावर सरांनी कधीतरी चिकटवलेली माणसं उभी होती. कोणाच्या हातात छत्री, कोणाच्या कडेवर मूल.

शेवटचा डबा वळणावर आला. डुलला. सावरला. निघाला…

तेजलचं बोट डब्याकडे गेलं.

टक्, एवढाच आवाज झाला. डबा कुशीवर पडला, भरावावरून घसरला आणि थांबला. पॅसेंजर जागीच अडखळली. सरांनी नॉब बंद केला.

तेजल आपल्या बोटाकडे पाहत होती. दुसऱ्या कोणाचं तरी बोट आपल्या हाताला लावलंय, असं.

“मी… सर, मी नाही… ती नीट जात होती.”

“जात होती.”

“ती पोचली असती!”

“पोचली असती.”

“मग मी का…” ती मटकन खाली बसली. टेबलाची कड तिच्या डोळ्यांसमोर आली आणि कडेपलीकडे, अगदी डोळ्यांच्या रेषेत, तो निळा डबा. खिडक्या जमिनीला टेकलेल्या. घरच्या टेबलावर तिनं पडलेला डबा कधी असा खालून, हर्षलच्या जागेवरून पाहिला नव्हता. तिथं तिचे डोळे नेहमी क्रेनवर असायचे.

डॉ. फालक हळूच पुढं झाले. डबा उचलून सरळ करावा, म्हणून त्यांनी हात लांबवला.

सरांनी त्यांचं मनगट धरलं.

मग सर गुडघ्यांवर हात टेकत तेजलच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हातारं शरीर, बसताना कण्हलं. त्यांनीही टेबलाच्या कडेशी डोळे आणले आणि ती पाहत होती तिकडंच पाहिलं.

“गाडी काढ, तेजल,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदा डब्याखाली कोणी तरी आहे.”