सोन्याच्या पत्र्यावरचं नाव

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी सयाम देशात एक म्हातारा राजा राज्य करत होता. त्याची धाकटी राणी माहुताची लेक. तिचा मुलगा आजोळी, हत्तीखान्यातच वाढला. हत्तींना ऊस भरवावा, त्यांच्याशी गप्पा माराव्यात, एवढ्यावर स्वारी खूश होती.

राणी मात्र मनातून जळत होती. ज्याचं नाव सोन्याच्या पत्र्यावर कोरलं जाई, तोच राजपुत्र, अशी त्या दरबाराची रीत. असे पत्रे सिंहासनामागच्या पेटीत ठेवत. पेटीत थोरल्या राणीच्या मुलाचं नाव होतं, हिच्या मुलाचं नव्हतं.

ती राजाच्या मागे लागली. राजा म्हणाला, "अगं, राहू दे त्याला हत्तींत. या पेटीत नाव होतं म्हणून माझे तीन भाऊ गेले. कुणी घालवले, ते विचारू नकोस."

"मग माझ्या लेकानं काय जन्मभर लीद काढायची?"

तिनं अन्नपाणी सोडलं, प्रधानाला हाताशी धरलं, ज्योतिषाला फितवलं. शेवटी राजानं हात टेकले आणि पत्रा कोरला गेला.

मुलगा म्हणाला, "आई, हत्ती मला नावानं नाही गं, वासानं ओळखतात. मला कशाला हवा तो पत्रा?"

"मोठा झालास की कळेल," राणी म्हणाली.

महिन्याभरात राजा वारला. थोरला गादीवर बसला आणि त्यानं पहिला हुकूम सोडला, "पेटी आणा." पेटीत दोनच पत्रे निघाले. एक त्याचा स्वतःचा होता.

राणी धावत आली, पायांवर कोसळली. "महाराज, तो माहुताचा नातू! त्याला कुठलं आलंय राज्य?"

"धाकट्या आईसाहेब," नवा राजा शांतपणे म्हणाला, "माझ्या खिजगणतीतही नव्हता तो. तुम्हीच त्याला माझ्या शेजारी आणून बसवलंत."

राजरक्त जमिनीवर सांडू नये, अशीही तिथली रीत. म्हणून पोराला लाल मखमलीच्या पिशवीत घातलं आणि चंदनाच्या सोट्यानं ठार मारलं. माहुताच्या नातवाला एरवी एवढा मान कुठून मिळणार?

पत्रा तेवढा आईला परत मिळाला. तो घेऊन ती हत्तीखान्यात बसून राही. मुलाचा लाडका हत्ती रोज सोंड पुढे करून पत्रा हुंगायचा. पत्र्याला त्या पोराचा वास नव्हता. हत्ती तोंड फिरवायचा, आणि राणी हंबरडा फोडायची.

तात्पर्य : लेकरासाठी मोठेपणा मागताना, तो लेकराला हवा आहे की आपल्याला, हे आधी स्वतःला विचारावं.