चुलीचे तीन दगड

"माझ्यावर कोणाचा विश्वासच नाही! डोंगरावर जन्मले, डोंगरावर म्हातारी झाले, आणि हे म्हणतात तू तिथली नाहीसच!" साळई नावाची रानातली म्हातारी राजाच्या दारात ओरडत होती. डोक्यावरच्या टोपलीत चुलीचे तीन काळे दगड.

ही पूर्वीची गोष्ट. शृंगपुरात भीमरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोमरक्षित या नावाने त्याचा अमात्य होता. राजा त्याला म्हणाला, "हा घोळ निस्तर."

घोळ तर खराच. म्हातारी म्हणे, शिपायांनी हाकललं. शिपाई म्हणत, वनरक्षक गोपिलाने सांगितलं. गोपिल म्हणे, घुसखोर काढा अशी राजाज्ञा होती. राजा म्हणे, मी ओसाड डोंगर शिकारीला राखला, त्यावर माणसं आली कुठून? प्रत्येकाचं खरं, आणि बाई मात्र रस्त्यावर.

"मग आम्हाला हाकललं कोणी? वाऱ्यानं?"

बोधिसत्त्वालाही काही उमगेना. तो म्हातारीबरोबर पायी डोंगरावर गेला; गोपिललाही सोबत घेतलं. तिथे ना झोपडी, ना राख.

गोपिल हसला. "आजे, तुझा महाल कुठं गेला?"

"दिसंल कसा? उन्हाळ्यात आम्ही दोन महिने नदीला उतरतो. निघताना झोपडी उकलायची, चूल उचलायची, जागा सारवायची. रानाची जागा उष्टी टाकून जात नसतात, बाबा. पावसाला परत आलो, तर तू भाला घेऊन उभा!"

म्हातारी इकडे गेली, तिकडे गेली, क्षणभर तिलाच काही कळेना. मग एका ठिकाणी बसून तिने तीन दगड मांडले. "इथं खण."

वीतभर मातीखाली जमीन भाजून लाल झालेली. त्याखाली राख. मग माती, पुन्हा लाल थर, पुन्हा राख.

"ही माझी चूल. ही सासूची. तिच्याखालच्या कोणाच्या, ते मला नाही माहीत."

गोपिलाचं तोंड उतरलं. बोधिसत्त्वाचंही. गेल्या उन्हाळ्यात राजासाठी डोंगर पाहायला बोधिसत्त्वच आला होता. हत्तीवरून त्याने सारवलेली जागा पाहिली आणि लिहून दिलं, 'येथे मनुष्यवस्ती नाही.'

दरबारात राजा म्हणाला, "दोष गोपिलाचा. त्याला काढा." म्हातारीही ओरडली, "हाच तो भालेवाला!" गप्प राहिला असता तर बोधिसत्त्वाचं पद राहिलं असतं.

तो म्हणाला, "महाराज, मी हत्तीवरून खाली उतरलो नाही. डोंगर ओसाड असल्याचा तो लेख माझा." आणि त्याने आपली अमात्यपदाची मुद्रा राजापुढे ठेवली.

राजा गोंधळला. म्हणाला, "आजी, डोंगर तुला दान दिला."

"दान कशाला? माझं आहे ते माझं म्हणून लिही. आणि चूक कोणाची तेही लिही. नाहीतर उद्या दुसरा कोणी हत्तीवरून येईल." राजाने तसा ताम्रपट करून दिला.

तेव्हाचा राजा आज, या जन्मी, संघातला एक भिक्खू आहे. गोपिल विहाराचा द्वारपाल आहे. साळई आज थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी आहे, जीभ तशीच. अमात्य म्हणजे स्वतः शास्ता, आपले बुद्ध. आपल्या विरुद्ध जाणारं खरंही बोलावं, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.

ऐकणारे बुचकळ्यात पडतात, बोधिसत्त्वाची चूक कशी? शास्त्याने लपवली नाही, मग ही गोष्ट सांगताना मी का लपवू? म्हातारीने ताम्रपटाच्या शेवटी कोरून घेतलंच होतं. दोष कोणाचा? अमात्य सोमरक्षिताचा.